माणूस हे औषध नव्हे



घरभेटीच्या वेळी एका आजींनी मला औषधांचा डबा दाखवला. म्हणाल्या, "फादर, गोळ्या वेळेवर मिळतात, पण दिवसभर बोलायला कोणी नाही." हे दुःख फक्त मनाचे, असे आपण समजतो. ते शरीरालाही पोखरते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात रोझेटो नावाचे गाव आहे. इटलीतून आलेल्या कॅथलिक कुटुंबांनी ते वसवले. पुरुष दगडाच्या खाणीत राबत, डुकराच्या चरबीत तळलेले अन्न आवडीने खात. तरीही १९५० च्या दशकात तेथे हृदयविकाराने होणारे मृत्यू शेजारच्या बँगर गावापेक्षा पुष्कळ कमी होते. डॉ. स्टुअर्ट वुल्फ यांनी शोध घेतला. कारण ताटात सापडले नाही, माणसांत सापडले : एका छपराखाली तीन पिढ्या, शेजाऱ्यांच्या गप्पा, वृद्धांना मान. पुढे घरे विभक्त झाली, जाणेयेणे घटले, आणि हृदयविकार इतर गावांइतकाच वाढला.

२०१० साली १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचे नातेसंबंध घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक दिसली. एकाकी माणसाचे शरीर जणू सतत पहाऱ्यावर असते. रक्तदाब वाढतो, झोप तुटते.

मग आरोग्यासाठी माणसे जोडावीत का? येथे थोडे थांबू या. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे तत्त्वज्ञ कान्ट सांगतो. माझी प्रकृती सुधारावी म्हणून मी आजींकडे गेलो, तर आजी माझी गोळी झाल्या; आणि हे त्यांच्या लगेच लक्षात येईल. रोझेटोची माणसे रक्तदाब उतरावा म्हणून एकत्र बसत नव्हती. शेजारी आपला होता, म्हणून बसत. आरोग्य मागाहून आले.

मात्र या ज्ञानाने आपली जबाबदारी वाढली आहे. एकाकीपणा शरीराला इजा करतो हे कळल्यावर "मी कोणाचे वाईट केले नाही" एवढे म्हणून सुटका होत नाही. आपण न गेल्यानेही कोणी खचत असते.

आज मिस्सा संपल्यावर घरी जाताना अशा एका दारी थांबा. "गोळ्या घेतल्या का?" एवढेच विचारून निघू नका. घड्याळ न पाहता जरा बसा.

तुमचा,
फादर