न्याय की आपली बाजू?

आपणांस न्याय प्रिय आहे, असे आपण प्रत्येक जण मानतो. परंतु न्याय म्हणजे जे खरोखर घडले त्यास धरून दिलेला निर्णय, की आधी ठरलेल्या रीतीप्रमाणे दिलेला निर्णय, हे फारच थोडे लोक स्वतःस विचारतात. बहुधा सत्य आणि रीत एकत्रच नांदतात, म्हणून प्रश्न उद्भवत नाही. त्यांची फारकत होते तेव्हा मात्र आपल्या न्यायप्रीतीची खरी कसोटी लागते. ती पाहण्यास कोर्टकचेरीत जावयास नको. रग्बीच्या शौकिनांचे वाद ऐकले तरी पुरे.

रग्बी आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. तथापि त्याचा या देशाशी काहीच संबंध नाही असे नव्हे. इंग्लंड व स्कॉटलंड हे संघ १८७९ पासून ज्या चषकासाठी झुंजतात, तो कलकत्त्याच्या एका क्लबाने मोडते वेळी शिलकेतील चांदीचे रुपये आटवून घडविला होता. १८७१ साली इंग्लंडातील रग्बी युनियनने नियम केले, तेव्हा सर्व तंट्यांचा निवाडा दोन्ही संघनायकांनीच करावा असे ठरले होते. सभ्य गृहस्थ आपसांत निकाल लावतील, हा त्यामागील विश्वास. तो फार काळ टिकला नाही. १८८४ च्या इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यातील एका निर्णयावरून वाद असा चिघळला की पुढील वर्षी हे संघ परस्परांशी खेळलेच नाहीत. त्यातूनच १८८६ साली आंतरराष्ट्रीय मंडळ जन्मास आले. कालांतराने निर्णयाचा सारा भार पंचाच्या शिरी आला.

हा भार केवढा आहे हे 'स्क्रम' पाहिल्यावाचून कळत नाही. दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी वाकून, एकमेकांस घट्ट धरून, खांद्यास खांदा भिडवून रेटा देतात. ही रचना कोसळली तर पुढच्या ओळीतील गड्यांच्या मानेस व कण्यास इजा होण्याचे भय असते; म्हणून जो ती पाडील त्याच्या संघास दंड होतो. पण पाडली कोणी? पंच एका अंगास उभा. पलीकडचे अंग त्यास नीट दिसत नाही. एक म्हणतो, 'त्याने खाली ओढले'. दुसरा म्हणतो, 'याने तिरपा रेटा दिला'. २०२३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड १५-१३ असे पुढे असता अखेरच्या मिनिटांत स्क्रममधील एका दंडावर दक्षिण आफ्रिकेने तीन गुण मिळविले व १६-१५ असा सामना जिंकला. एका देशाचे स्वप्न एका शिटीवर संपले.

आता दोन सामने शेजारी ठेवून पाहू. २०१५ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध स्कॉटलंड ३४-३२ असे पुढे होते. शेवटी पंचांनी स्कॉटलंडविरुद्ध ऑफसाइडचा दंड दिला व ऑस्ट्रेलियाने ३५-३४ असा विजय मिळविला. दुसऱ्या दिवशी नियामक संस्थेनेच कबूल केले की, चेंडू मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गड्यास लागला होता. दंड नव्हे, स्क्रम द्यावयास हवा होता. मात्र अशा निर्णयासाठी चित्रफीत पाहणाऱ्या पंचाचा सल्ला घेण्याची मुभा त्या वेळी नव्हती. २०२३ च्या अंतिम सामन्यात याच्या उलट घडले. न्यूझीलंडच्या ॲरन स्मिथचा ट्राय, आधी त्याच्याच संघाच्या हातून चेंडू पुढे निसटला होता म्हणून, रद्द झाला. चूक खरीच घडली होती. परंतु ती दाखविण्यास चित्रफीत पाहणारे पंच ठरलेल्या मर्यादेपलीकडे मागे गेले होते. दक्षिण आफ्रिकेने सामना १२-११ असा जिंकला.

पहिल्या सामन्यात रीत पाळली गेली आणि सत्य हुकले. दुसऱ्यात सत्य गवसले आणि रीत मोडली. पहिल्या वेळी पराभूतांचे चाहते म्हणाले, 'नियमाचे काय घेऊन बसलात, खरे काय ते पाहा.' दुसऱ्या वेळी पराभूतांचे चाहते म्हणाले, 'खरे काय ते राहू द्या, नियम काय तो पाहा.' तत्त्वे परस्परविरुद्ध, पण संताप अगदी सारखा! यावरून तत्त्वाने संताप उपजतो, की संतापास तत्त्व शोधून दिले जाते, हे वाचकांनीच ठरवावे.

तरुण खेळाडूंविषयीच्या वादातही हेच दिसते. इंग्लंडच्या हेन्री पोलॉकने २०२५ च्या मार्चमध्ये कार्डिफ येथे पदार्पणातच दोन ट्राय केले. मैदानावरील त्याचा ऐटबाज आविर्भाव इंग्रजास तरुणाईचे तेज वाटतो, प्रतिपक्षास उर्मटपणा. पण खेळाडूस निदान एक तरी बाजू असते. पंचास कोणतीच नाही. २०२३ च्या अंतिम सामन्याचे मुख्य पंच वेन बार्न्स यांनी लवकरच निवृत्ती जाहीर करताना पंचांस व त्यांच्या कुटुंबीयांस येणाऱ्या धमक्यांचा उल्लेख केला. चित्रफीत पाहणारे टॉम फोली तर शिवीगाळ व धमक्यांमुळेच आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर झाले. मुलाबाळांचे भय पत्करून उद्या हे काम कोणी स्वीकारावे?

परंतु दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वी आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांस एका विषयात दोन गुण कमी पडले. फेरतपासणीची मुदत टळून गेली होती. 'नियम माणसांसाठी आहेत, माणसे नियमांसाठी नव्हेत,' असे आम्ही संबंधितांस मोठ्या आवेशाने सुनावले. त्याच महिन्यात एक गरीब विद्यार्थी फीमाफीचा अर्ज एक दिवस उशिरा घेऊन आमच्याकडे आला. त्याची अडचण खरी होती. आम्ही त्यास नियमाचे पुस्तक दाखविले आणि परत पाठविले. तो काही न बोलता गेला. आपण नियमनिष्ठ आहोत या समाधानात आम्हांस त्या रात्री झोपही उत्तम लागली! दोन्ही प्रसंगांतील विसंगती आमच्या ध्यानात आली तेव्हा तो कॉलेज सोडून गेला होता.

आमच्या मते, खेळ चालू असता रीत श्रेष्ठ मानावी, आणि खेळ संपल्यावर सत्याच्या प्रकाशात ती रीत सुधारावी. याहून वेगळा क्रम कोणास रुचला तरी आमची तक्रार नाही. अट एवढीच, की तो क्रम लाभ कोणाचा होणार हे कळण्यापूर्वी ठरलेला असावा. पंचाचा निर्णय चुकला असे म्हणण्याचा अधिकार सर्वांस आहे. परंतु ते म्हणण्यापूर्वी दोन्ही संघांचे सदरे मनातल्या मनात बदलून पाहावेत. तरीही जे आपण तसेच म्हणू, तेवढेच न्यायाचे बोलणे. बाकीचे सारे आपल्या बाजूचे.