न सांगता

बोरी बुद्रुकला माझं मेडिकल आहे. मेडिकलवाल्याला गावाची जी माहिती असते ती तलाठ्याकडेही नसते. कुणाची शुगर वाढली, कुणाच्या घरी पाळणा हलणार, आणि सकाळी सकाळी ॲसिडिटीची गोळी मागायला आलेला कोण एक हात खिशातून बाहेर काढत नाही. काढत नाही, कारण तो थरथरत असतो.

तशा एका हाताची ही हकिगत आहे. खरं तर माझ्या जिभेची.

टोमॅटोचा हंगाम होता. मळ्यातल्या वहिनी दुकानात आल्या, दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत उगाच बिस्किटांचे पुडे बघत उभ्या राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्यांना न सांगता द्यायचं काही असतं का हो?" 'न सांगता दारू सोडवा' ही जाहिरात रंगवलेली भिंत आपल्याकडे कुठल्याही रस्त्याला सापडते. त्यांनीही ती वाचलेली असणार. मी मागच्या खोलीत गेलो आणि डायसल्फिरामची पट्टी आणून दिली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नसते, हे मला पाठ आहे. "कुटून कालवणात घाला," असंही सांगितलं.

वहिनींना काही माहीत नव्हतं. मला होतं. पोटात गेलेल्या दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी असतं, आणि मग यकृत त्याची वासलात लावतं. ही दुसरी पायरी डायसल्फिराम अडवतं. विष साचतं, तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. रबराच्या कारखान्यातले कामगार दारू प्यायले की आजारी पडतात, हे अमेरिकेत 1937 मध्ये एका कारखान्याच्या डॉक्टरनं नोंदवलं होतं. पुढे 1948 मध्ये डेन्मार्कच्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी त्याचं दारू सोडवायचं औषध पुढे आणलं. पण हे औषध चालतं ते भीतीवर. आपण गोळी घेतलीय, आता प्यायलो तर काय होईल, हे घेणाऱ्याला ठाऊक असलं की तो ग्लासाला हात लावत नाही. त्याला ठाऊकच नसेल तर मग त्यात औषध काय राहिलं?

चौथ्या दिवशी वहिनींचा नवरा नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचे कॅरेट घेऊन गेला. भाव चांगला लागला, पैसे रोख मिळाले आणि परतताना तो नेहमीच्या ठिकाणी बसला. रात्री आम्ही त्याला आळेफाट्याच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "दारूशिवाय काही पोटात गेलंय का?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. सलाईन लावेपर्यंत तसाच उभा राहिलो आणि मग म्हणालो, "घरच्यांनी कसलीतरी गोळी दिलीय म्हणे."

म्हणे. गोळीचं नाव, तिची ताकद, पट्टीवरची शेवटची तारीख, सगळं मला माहीत होतं. तरी त्या दोन अक्षरांनी मी बाजूला झालो आणि नवरा खाटेवर पडलेल्या बाईला पुढे ढकललं. डॉक्टर वहिनींना जे बोलले ते मी ऐकत राहिलो. वहिनींनी माझं नाव घेतलं नाही.

तो वाचला म्हणून माझं निभावलं.

पट्टी दिलीच का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. पैशांसाठी नाही, त्यात सुटतंय काय. बाई रडायला लागण्याआधी दुकानातून जावी, हे एक कारण. दुसरं कारण जास्त लाजिरवाणं आहे. तो माझा मित्र. यात्रेच्या तमाशाची सुपारी ठरवायला नारायणगावच्या राहुट्यांवर आम्ही बरोबर जायचो, आणि येताना बसायचोही. "तुझी जास्त होतेय" एवढं त्याला तोंडावर म्हणायची माझी छाती झाली नाही. त्याच्या बायकोच्या हातानं कालवणात गोळी घालायची मात्र झाली.

त्यानंतर त्याला घेऊन त्याच्या भावाबरोबर मीही मुक्तांगणला गेलो. येरवड्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 29 ऑगस्ट 1986 ला सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी होते. तिथले उपचार पस्तीस दिवसांचे. वहिनींना पुढे तिथेच कळलं की बायकांसाठीही वेगळा गट असतो, आणि नवरा पितो यात त्यांचा दोष नाही. हे त्यांना पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. मी वीस पावलांवर राहतो. तो नंतर दोनदा घसरला. आज पीत नाही. उद्याचं तो स्वतःही सांगत नाही.

हळूहळू मी गावात माहीतगार झालो. "चांगलं सेंटर सांगा" म्हणत बेल्ह्यापासून लोक येतात. मी त्यांना सांगतो, रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडू नका, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येते, भ्रम होतो, जीवही जातो. पहिले दिवस डॉक्टरच्या नजरेखालीच काढायचे. 14446 हा सरकारी फोन आहे, फुकट आहे. जिथे जाल तिथे विचारा: डॉक्टर रोज येतो का, मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्याखाली नोंदणी आहे का, आम्हाला भेटू देणार का, सुटल्यावर पुढे कोण बघणार. "आम्ही गाडी पाठवून उचलून नेतो" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. मनाविरुद्ध दाखल करायला कायद्यानं ठरवलेली डॉक्टरी तपासणी लागते, चार दांडगी पोरं नव्हेत. आणि पहिल्यांदा विचारा त्यालाच. चिडेल, शिव्या देईल, तरी विचारा.

सल्ला चांगला आहे. सांगताना बरंही वाटतं, आणि तिथेच माझी मेख आहे. चोरून औषध देऊ नका हे पटवायला मी ती हकिगत सांगतो. नाव घेत नाही, गाव सांगत नाही. "एका बाईनं नवऱ्याला न सांगता गोळी घातली होती, मरता मरता वाचला," असं सांगतो. बाईनं. पट्टी कुणी दिली ते त्या गोष्टीत येतच नाही. किती जणांना अशी सांगितली असेल, मोजलेलं नाही.

गेल्या महिन्यात ओतूरकडचं एक म्हातारं जोडपं पोरासाठी आलं होतं. मी रंगात येऊन सांगत होतो. 'एका बाईनं' म्हणालो आणि नजर वर गेली. वहिनी सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला काउंटरशी उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे. म्हाताऱ्यानं विचारलं, "मग पुढं काय झालं त्या बाईचं?"

मी गोळ्या पाकिटात घातल्या. वहिनींनी सुटे मोजून ठेवले, म्हणाल्या, "पिशवी नको भाऊ," आणि पायरी उतरून गेल्या. म्हातारा अजून माझ्या तोंडाकडे बघत होता.