मध्यरात्रीचे गीत आणि सकाळचा जाब
शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये १६:१९-४०



सुरतेहून मुंबईकडे निघाले की उधना व भेस्तान मागे टाकल्यावर सचिनचे स्थानक लागते. एके काळी हे एका लहानशा नबाबी संस्थानाचे नाव होते. आज ते घेतले की डोळ्यांपुढे उभी राहते ती औद्योगिक वसाहत : कापड रंगविणारे कारखाने, छपाईच्या गिरण्या, यंत्रमाग, रसायने. पोटासाठी सुरतेच्या परिसरात आलेल्या माणसांत अनेक प्रांतांचे लोक आहेत, आणि भुसावळ-सुरत लोहमार्गाने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत.

दि. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे या सचिनमध्ये एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले जात असताना विषारी वायू पसरला. जवळच्या गिरणीतील सहा कामगार मरण पावले व वीसहून अधिक जणांना इस्पितळात न्यावे लागले. मंडळीच्या पंचांगात ६ जानेवारी हा मागी लोकांच्या भेटीचा दिवस. ज्या अध्यायात मागी लोक सोने, ऊद व गंधरस घेऊन येतात, त्याच अध्यायात राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आणि सांत्वन नाकारते (मत्तय २:१८). मत्तयाने तिला गप्प केलेले नाही.

अशा घरी आपण भेटीस जातो तेव्हा काय बोलतो? “देवाचे उपकार माना, त्याची इच्छा,” असे शब्द सहज तोंडी येतात. हेतू चांगला असतो. परंतु ज्या बाईचा धनी कामावर गेला तो परतलाच नाही, तिने नेमके कशाचे उपकार मानावयाचे? विषाचे? चोरून ते ओतणाऱ्याचे?

थेस्सलनीकाकरांस लिहिताना पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करावयास सांगतो (१ थेस्स. ५:१८). स्थिती कोणतीही असो, तिच्यात राहून देवाकडे तोंड करावयाचे आहे. इफिसकरांच्या पत्रात तो याहून पुढे जातो आणि सर्व गोष्टींबद्दल आभार मानण्यास सांगतो (५:२०), हे आपण लपवू नये. पण त्याच अध्यायात, थोडे वर, अंधारातल्या कृत्यांत भागीदार होऊ नका, ती उजेडात आणा, असेही तोच पौल सांगतो (५:११). पापाबद्दल देवाला धन्यवाद द्या, असा त्याच्या शिकवणीचा अर्थ कसा होईल? प्रभू येशूने धरून दिला जाण्याच्या रात्री भाकर घेऊन उपकारस्तुती केली. यहूदाच्या चुंबनाबद्दल मात्र केली नाही. उलट बागेत त्याने, शक्य असेल तर हा प्याला टळो, अशी विनवणी केली.

आता फिलिप्पैच्या तुरुंगात चला. पौल व सीला यांना चौकशीवाचून, भर चौकात छड्या मारल्या आहेत. पाय खोड्यात आहेत, जखमा कोणी धुतलेल्या नाहीत. आणि मध्यरात्री ते प्रार्थना करीत देवाची गीते गात आहेत. या भागावर उपदेश पुष्कळ होतात, आणि बहुतेक भूमिकंपापाशी किंवा बंदिशाळेच्या नायकाच्या बाप्तिस्म्यापाशी थांबतात. मला वाटते, त्यामुळे आपण अर्धाच धडा शिकतो. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप येतो की त्या माणसांना सोडून द्या. सुटका झाली, आता उपकार मानून निघावे! पण पौल जागचा हलत नाही. आम्हा रोमी नागरिकांना अपराध सिद्ध न होता लोकांसमक्ष मारले आणि आता गुपचूप घालवून देता काय? त्यांनी स्वतः येथे यावे, असे तो सांगतो. ते आले, आणि त्यांनी विनवणी केली.

रात्री गाणारा पौल एक आणि सकाळी जाब विचारणारा दुसरा, असे नाही. आपला श्वास ही देवाची देणगी आहे, असे ज्याने मध्यरात्री कबूल केले, त्याला सकाळी तो श्वास कवडीमोल ठरविलेला कसा चालेल? जीव देवाने दिला म्हणूनच तो कोणी स्वस्तात घेऊ नये. त्या सहा जणांचे श्वासही त्याच हाताने दिलेले होते.

गुजरातेने आपल्या पंडिता रमाबाईंनाही पाहिले आहे. १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत रमाबाईंचे वडील, आई व थोरली बहीण गेली; १८८२ साली पतीही गेले आणि कडेवर लहानगी मनोरमा राहिली. पुढे त्या प्रभूच्या झाल्या. पण भुकेबद्दल आभार मानण्यात त्यांनी शब्द खर्चले नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या, आणि १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेथल्या शेकडो मुलींसाठी केडगावच्या मुक्तिसदनाची दारे उघडली. जिने उपाशी दिवस पाहिले, तिची उपकारस्तुती शिजलेल्या अन्नाच्या रूपाने पानात पडली. १९२१ साली मनोरमाही देवाघरी गेली. रमाबाई मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करीत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनीही देह ठेवला.

म्हणून शोकाच्या घरी गेल्यावर आधी ईयोबाच्या मित्रांसारखे जमिनीवर बसावे. सात दिवस ते गप्प होते, तोवर बरे होते. बोलू लागले तेव्हा बिघडले! नुकसानभरपाईचा अर्ज कोणाला लिहिता येत नसेल तर मंडळीतल्या शिकलेल्या तरुणाने तो लिहून द्यावा, कचेरीत सोबत जावे. कारखान्यात तोंडावर बांधावयाचा मुखवटा मिळतो का, टाकीत उतरण्यापूर्वी आतली हवा तपासतात का, हे विचारणे म्हणजे कुरकुर आहे असे कोणाला वाटू देऊ नये. आणि संध्याकाळी त्याच घरात भाकर मोडण्यापूर्वी कोणी, विधवेनेच का होईना, जड जिभेने आभार मानले, तर आपण माना लववाव्या. ते तिने म्हणावयाचे आहे. आपण तिच्याकडून वदवून घ्यावयाचे नाही.

तुरुंगातून निघाल्यावर पौल व सीला प्रथम लुदियेच्या घरी गेले. ही बाई जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. रंगाऱ्यांच्या कामावर तिचे पोट होते. सचिनच्या माणसांना तिचे घर परके वाटले नसते. तेथे बंधुजन जमले होते. पाठीवरचे वळ अजून ओले असताना पौलाने त्यांना धीर दिला, आणि मग ते पुढच्या वाटेला लागले.