निऱ्यांत दडवलेला काठ

लुगड्याचा काठ दिसावा म्हणूनच विणलेला असतो. पण महार बाईने लुगडं नेसताना तो निऱ्यांच्या आत दडवावा, असा गावचा दंडक होता. बेबीताई कांबळे यांनी तो ‘जिणं आमचं’ या आत्मकथनात नोंदवून ठेवला आहे. काठ मिरवायचा तो वरच्या जातींतल्या बायकांनी. हे वाचलं तेव्हापासून तो काठ माझ्या मनातून जात नाही. दडवला म्हणून काठ लुगड्यातून नाहीसा होत नाही. तो आत असतो, आणि नेसणारीला ते ठाऊक असतं.

प्रतिकार म्हटला की आपल्यापुढे मोर्चे येतात, घोषणा येतात, तुरुंगवास येतो. मात्र ज्यांनी ब्र काढला तर संध्याकाळची चूल पेटणार नव्हती, त्यांच्याविषयी आपण चटकन निकाल देतो: पिढ्यान् पिढ्या गप्प राहिले, सोसत राहिले. मला हा निकाल मान्य नाही. त्या गप्प राहण्यात होकार नव्हता, साठवण होती. आज वापरता येत नाही ते उद्या येणाऱ्यासाठी जपून ठेवणं, हेच त्या माणसांचं रोजचं लढणं होतं.

ही साठवण अगदी शब्दशः होती. मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम गावाने महारांच्या माथी मारलं आणि त्याचं मांस हाच त्यांचा वाटा ठरवला. ते एका दिवसात संपणारं नसे. मग त्याच्या लांब पट्ट्या कापायच्या, दोरीवर टाकून कडक उन्हात वाळवायच्या आणि त्या चान्या अडीअडचणीसाठी ठेवून द्यायच्या. हाताला काम नसलेल्या दिवसांत मूठभर चान्यांवर घर तगे. शाहू पाटोळे यांच्या 2015च्या पुस्तकाने हे स्वयंपाकघर मराठीत आणलं, तेही ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ अशा नावाने. पूर्णब्रह्माच्या पंगतीत ज्यांचं पान कधी मांडलंच गेलं नाही, त्यांचं हे उत्तर आहे. पट्टी किती जाड कापावी, ऊन किती दिवस द्यावं, हे उपाशी राहून कमावलेलं ज्ञान होतं.

मार्च 1927मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचं आवाहन केलं. चवदार तळ्याचं पाणी सर्वांच्या लक्षात राहिलं. चुलीपर्यंत पोचलेला हा दुसरा निर्णय मात्र आपण पुरेसा आठवत नाही. ठराव सभेत झाला, पण रिकाम्या मडक्यात आता काय घालायचं, हे घरोघरच्या बायकांना रोज नव्याने ठरवावं लागलं असणार. जगण्यासाठी जे जपलं, तेच मानासाठी टाकून द्यायचं. वाळवणं हे टिकणं असेल, तर टाकणं हेही टिकणंच होतं. फक्त आता पोटाबरोबर माणूसपणही टिकवायचं होतं.

अन्नासारखेच शब्दही साठवले गेले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत दलित बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. पहाटेच्या अंधारात, घर झोपेत असताना, जात्याच्या घरघरीत बाई मनातलं बोलून घेई. कागद नव्हता, पण आईकडून लेकीकडे जाणारा गळा होता.

बेबीताईंच्या हाती कागद आला, तरी दडवणं संपलं नाही. फलटणला दुकान चालवताना, गिऱ्हाइकांतून सवड मिळेल तसं त्या लिहीत आणि वह्या नवऱ्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून लपवून ठेवत. असं वर्षानुवर्षं चाललं. 1982मध्ये ते लेखन ‘स्त्री’ मासिकातून येऊ लागलं, 1986मध्ये पुस्तक झालं. जातीचा दंडक जितका निर्भयपणे त्यांनी लिहिला, तितकाच घरातल्या पुरुषाचा धाकही लिहिला. दोन्हीकडून कोंडलेल्या बाईने दोन्हींची साक्ष जपून ठेवली.

इथे स्वतःला बजावलं पाहिजे. चिवटपणाचं कौतुक करणं सोपं असतं आणि त्या कौतुकाआड अन्याय खुशाल लपतो. चान्यांची कृती आवडीने वाचणाऱ्याने, ती शिकावी कुणामुळे लागली, हा प्रश्न सोडता कामा नये. साठवण वाया जाऊ नये असं वाटत असेल, तर आजही जे गटारात उतरतात, उसाच्या फडात राबतात, त्यांच्या सोसण्याला ताकद म्हणून आपल्याला मोकळं होता येणार नाही. कुणाला इतकं चिवट व्हावंच लागू नये, हे आपलं काम आहे.

डिसेंबर 1927मध्ये बाबासाहेब महाडला स्त्रियांशी बोलले. लुगडं कसं नेसता, यावरून तुमची जात ओळखली जाते. ती खूण पुसा, असं त्यांचं सांगणं होतं. बायकांनी नेसण बदललं. त्यासाठी नवं लुगडं आणावं लागलं नाही, नवा काठही विणावा लागला नाही. तो आधीपासून त्यांच्याजवळच होता. निऱ्या तेवढ्या नव्याने घालायच्या होत्या.