अर्ध्या सुताचा प्रश्न

आमच्या बेळगावकडे वाकळ म्हणा की कौदी, ती मापाने कोणी शिवत नाही. आईच्या वाकळेत जुनी लुगडी, धोतरांचे तुकडे, आणि कडेपासून आत आत येत जाणारा धावदोरा. तुकडा कमी पडला की शेजारचा थोडा ओढायचा. कापड ऐकते, असे ती म्हणे.

परदेशी असलेली लेक उन्हाळ्यात आली, तेव्हा तिने मला कागदावरचे जोडकाम शिकवले. कागदावर छापलेल्या रेषेवर टीप मारायची, कापड खालच्या अंगाला. कडांना शिवणीसाठी पाव इंच, म्हणजे दोन सूत, सोडून कापायचे. खरी कसोटी दोन चौकोन जोडताना. एकाच्या टोकातून टाचणी सरळ उतरवली की ती दुसऱ्याच्या टोकातूनच निघाली पाहिजे. मग आधी तेवढ्यापुरती कच्ची टीप घालून पाहायची. जोड पुरा होईतो कागद काढायचा नाही; उरेब कड ताणली गेली की चौकोन चौकोन राहत नाही.

माझी टोके अर्ध्या सुताने चुकली. पांघरणाऱ्याला काय कळणार? पण हिशेब करून पाहा. शिवणीत दोन्हीकडून अर्धे अर्धे सूत जास्त गेले, तर नऊ चौकोनांच्या ओळीतल्या आठ शिवणींत पुरता एक इंच जातो. शेजारची ओळ मग बसायची कशी? ताणून बसते, नाही असे नाही. मी ताणू लागले तशी लेक म्हणाली, "आई, इथे जुळवून घ्यायचे नसते, जुळवायचे असते."

ती सहज बोलली असेल. पण लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ती सासरचे काही सांगू लागली, तेव्हा "जुळवून घे" एवढेच मी म्हणाले होते. काय जुळत नाही, हे विचारलेच नव्हते.

जुळवून घेणे वाईट, असे सीमेवरच्या माणसाने तरी म्हणू नये. घरात मराठी, बाजारात कानडी, यातच आमचा जन्म गेला. मात्र आईच्या वाकळेत दोन्ही तुकडे थोडेथोडे सरकत. एकच तुकडा ओढत राहायचा आणि किती सुतांनी ओढला ते मोजायचेही नाही, याला मी इतकी वर्षे शहाणपण म्हणत आले.

रात्री ती शिवण उसवायला घेतली. कागद सहज फाटावा म्हणून टीप बारीक घातलेली, त्यामुळे तास गेला. लेक शेजारी बसून कपटे वेचीत होती.

"त्या वर्षी तुला काय सांगायचे होते गं?" मी विचारले.

तिने हातातले कपटे खाली ठेवले.