उंबरठ्याची उंची

आपल्याकडे उंबरठा म्हणजे नुसते आडवे लाकूड नव्हे. दिवाळीत आपण त्यावर हळदकुंकू वाहतो, त्याच्या कडेला पणत्या लावतो. नवी सून त्याच्यावरचे माप लवंडून घरात येते. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही लाकडाला एवढा मान नाही. मुळात तो असतो कशासाठी? पावसाचे पाणी, धूळ, सरपटणारे जीव बाहेर राहावेत म्हणून. काम साधे, पण मान मोठा. आणि एकदा मान मिळाला की कामाची चौकशी कोणी करीत नाही.

जहाजावरचा उंबरठा अद्याप आपले काम विसरलेला नाही. १९६६ सालच्या भारमर्यादेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार उघड्या डेकवरच्या काही दारांची पोलादी कड निदान ३८० मिलिमीटर, म्हणजे सव्वा फूट उंच असावी लागते. लाट डेकवर आली तरी पाणी आत शिरू नये, हा तिचा हेतू. त्यात खोट काढायला जागा नाही. मात्र पाण्यासाठी घातलेली ही कड चाकांच्या खुर्चीतल्या माणसालाही तितक्याच चोखपणे अडवते. बिचाऱ्या पोलादाला समुद्र आणि माणूस यांतला फरक कळत नाही. तो कळायला हवा तुम्हांआम्हांला.

या फरकाचा निवाडा एकदा मोठ्या न्यायासनापुढे झाला. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० साली झाला होता. १९९८ आणि १९९९ साली ह्यूस्टन बंदरातून सागरी सहलीला निघालेल्या काही अपंग प्रवाशांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीविरुद्ध फिर्याद केली. उंच उंबरठे, अरुंद दारे ही तक्रार तर होतीच. पण दुसरे आरोप मला अधिक बोलके वाटतात: अपंगांकडून जादा भाडे घेतले जाते, सोबती आणण्याची अट फक्त त्यांनाच घातली जाते, संकटकाळी सुटकेची साधने त्यांना पोचता येणार नाही अशा जागी ठेवलेली असतात, आणि ज्याच्या उपस्थितीने इतरांच्या ‘सुखसोयी’ला बाध येईल, अशा अपंगाला उतरवून देण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे.

जहाजांवर निशाण होते बहामाचे. तेव्हा अमेरिकेचा कायदा आम्हांला लागू नाही, असा कंपनीचा बचाव होता. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो सरसकट मान्य केला नाही. अमेरिकेच्या पाण्यात आलेल्या परदेशी निशाणाच्या जहाजालाही हा कायदा लागू होतो. मात्र सागरी सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराशी विसंगत ठरतील असे बदल तो मागत नाही, असा त्या निकालाचा सारांश. न्यायमूर्ती केनेडी यांच्या निकालपत्राने पोलादाचे प्रश्न वेगळे काढले आणि भाड्याचे, अटींचे वेगळे. समुद्राने घातलेले उंबरठे निराळे आणि हिशेबाच्या वहीने घातलेले निराळे!

माझी एक मावसबहीण लहानपणापासून पोलिओमुळे चालू शकत नाही. हा खटला मी तिला सांगितला, तेव्हा ती म्हणाली, “अरे, मला उचलायला चार माणसं धावतात. ‘हिला कुठून धरायचं,’ असं एकमेकांना विचारतात. मला कुणी विचारत नाही.” उचलून नेणे ही सेवा खरी, पण जिला उचलायचे तिचे मत घेतले नाही, तर त्या सेवेत आणि सामान चढवण्यात अंतर ते किती राहिले?

पण प्रश्न इतका सोपाही नाही. कोकणच्या बोटीने प्रवास केलेल्या पिढीला आठवत असेल, धक्का नसलेल्या बंदरात बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावात उतरून किनारा गाठावा लागे. आजच्या अवाढव्य जहाजांनाही हे चुकलेले नाही. ग्रीसच्या सँतोरिनी बेटापाशी जहाजे नांगरून उभी राहतात, प्रवासी लहान होड्यांतून जुन्या बंदरात उतरतात, आणि वर गावात जायला केबल कार, गाढव किंवा जवळजवळ सहाशे पायऱ्या. आता समजा, लाटा उसळत आहेत, होडी हातभर वरखाली होते आहे, आणि कप्तान खुर्चीतल्या प्रवाशाला म्हणतो, “आज नाही.” तो अन्याय करतो काय? मला तसे वाटत नाही. आपला जीव धोक्यात घालण्याचा हक्क शहाण्या माणसाला असेल; पण तिला उचलणाऱ्या खलाशाच्या पाठीवर आणि बोटांवर तिचा हक्क नाही.

मग नकार न्याय्य कधी? माझ्या मते तीन गोष्टी पाहाव्यात. नकाराचे कारण समुद्र आहे, की कोणाची गैरसोय? ते कारण पैसे घेण्यापूर्वी सांगितले, की भर समुद्रात? आणि अडचणीचा खर्च सर्वांनी मिळून सोसला, की जिला अडचण आहे तिच्याच बिलात घातला? युरोपीय संघाच्या २०१२ सालापासून लागू झालेल्या सागरी प्रवाशांच्या नियमांत याच धर्तीचा विचार दिसतो. सुरक्षिततेसाठी किंवा जहाजाच्या रचनेमुळे नकार देता येतो, पण कारण सांगावे लागते. आणि तिकिटाला जादा दाम लावता येत नाही. आपल्याकडेही २०१६ सालच्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याने सुगमतेचे तत्त्व मान्य केले आहे.

कायद्याची धाव मात्र जहाजापर्यंत. सुट्टीचे बेत ठरतात ते घरातल्या माजघरात. तिथे कोणीतरी मायेने म्हणते, “आजी, तुम्हांला झेपायचं नाही हो. तुम्ही घरीच बऱ्या.” या वाक्यात काळजी असतेच, आणि थोडी आपली सोयही असते. ‘इतरांच्या सुखसोयी’ची ती अट कंपनीने निदान कागदावर तरी घातली होती, असा फिर्यादींचा आरोप होता; आपण ती मायेच्या सुरात घालतो. तेव्हा बेत ठरवण्यापूर्वी आजींनाच विचारावे. कदाचित त्या स्वतःच नको म्हणतील. कदाचित म्हणतील, “खाली नाही उतरले तरी चालेल, डेकवरून बेट बघत बसेन.” काहीही म्हणोत, ते त्यांनी म्हणावे.