मौन म्हणजे संमती?

सूरज बडजात्या यांच्या ‘हम आपके हैं कौन..!’ (१९९४) या चित्रपटाविषयी प्रेक्षकांत दोन मते आढळतात. दिवंगत बहिणीच्या तान्ह्या बाळासाठी स्वतःच्या प्रेमावर पाणी सोडून मेहुण्याशी विवाहास उभी राहणारी निशा वडीलधाऱ्यांना त्यागमूर्ती वाटते. तरुणांना तो अन्याय वाटतो. माझा प्रश्न निराळा आहे. सत्य लपवून केलेला त्याग हा त्याग ठरतो काय? तिच्या मौनाने राजेशचीही फसवणूकच झाली असती. टफी या कुत्र्याने चिठ्ठी भलत्याच्या हाती दिली, म्हणून सारे सावरले.

आपल्या विवाहविधीत वधूवरांना प्रथम विचारले जाते : तुम्ही स्वखुशीने आला आहात ना? ही संमती त्यांच्या वतीने आईवडीलही देऊ शकत नाहीत. पालकहो, वेदीपुढील हा प्रश्न आधी घरी विचारा. आणि उत्तर ऐकण्याचे धैर्य ठेवा.